गोंडघर फाटा लक्षात ठेव

बाय, आधी तुझं मनापासून कौतुक. ट्रेनिंग संपवून तू आपल्याच श्रीवर्धन तालुक्यात, दिघी सागरी पोलीस ठाण्यात रुजू होणार हे काकीने सांगितलं आणि घरभर आनंद झाला. काका सोमजाईला नारळ फोडून आले. आता येणारा-जाणारा प्रत्येकजण तुला सल्ला देईल. साहेबांशी नीट वाग, कुणाच्या अध्यात-मध्यात पडू नकोस, नोकरी टिकव. सगळे प्रेमाने सांगतील. पण मी आज जे बोलणार आहे ते तुला त्यातलं कुणी सांगणार नाही, म्हणून जरा निवांत बसून ऐक.

मी इतकी वर्षं इथल्या कोर्टात वकीलसाहेबांच्या हाताखाली काम करते. फायली लावते, अर्ज टाइप करते. चांगल्या घरातला, शिकलेला, देवाधर्माचं करणारा सरकारी नोकर आरोपी होऊन बाकावर येऊन बसतो, आणि त्याची बायको बाहेर जांभळीखाली पिशवी घेऊन उभी असते, हे मी पाहिलं आहे. त्यातला एकही माणूस नोकरीच्या पहिल्या दिवशी लाच खायची असं ठरवून आलेला नव्हता.

गोंडघर फाटा तुला माहीत आहे. एसटीने तिथून तू कितीदा गेली असशील. ९ जानेवारी १९९३ च्या रात्री त्या फाट्यावर श्रीवर्धनच्या पोलिसांनी तस्करीच्या मालाच्या गाड्या अडवल्या. माल दिघीला उतरला होता, निघाला होता मुंबईकडे. अडवणारा एक सबइन्स्पेक्टर होता, बरोबर शिपाई होते, अंगावर वर्दी होती, गाड्या समोर उभ्या होत्या. त्यांनी त्या गाड्या उघडून पंचनामा केला असता तर पुढचं काय काय टळलं असतं याचा विचार करूनही अंगावर काटा येतो. झालं असं की पैशांचं ठरलं, रोकड हाताशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या, आणि गाड्या सोडून दिल्या.

त्या मालात शस्त्रं होती. पुढे फेब्रुवारीच्या ३ आणि ७ तारखेला आपल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर तस्कर टायगर मेमनचा माल उतरला, त्यात शस्त्रांबरोबर आरडीएक्स आलं. तिथून तो वांगणी टॉवरपाशी नेला, तिथे गाड्यांमध्ये भरला आणि मुंबईला गेला. त्या लोकांमध्ये आरडीएक्सला ‘काला साबून’ म्हणत. १२ मार्चच्या शुक्रवारी दुपारी दीड वाजता शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि पुढच्या दोन-सव्वादोन तासांत एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, वरळीचा सेंच्युरी बाजार, दादरचं प्लाझा असे एकामागून एक होत गेले. २५७ माणसं गेली, ७१३ जखमी झाली. आपल्या तालुक्यातलं कुठलं घर असं आहे, ज्याचं कुणी ना कुणी मुंबईत नाही? दादर, लालबाग, वरळी म्हणजे आपलीच माणसं. तेव्हा टेलिफोनच्या बूथवर लागलेली रांग मला अजून आठवते.

आता जे सांगते ते नीट ऐक. हे गुपचूप, कुणालाही कळू न देता झालं असं समजू नकोस. २५ जानेवारीला, म्हणजे शेखाडीच्या आधी आठवडाभराहून अधिक, कस्टमच्या कलेक्टरांकडून खालच्या अधिकाऱ्यांना इशारा गेला होता. येत्या पंधरा ते तीस दिवसांत किनाऱ्यावर शस्त्रं उतरवली जातील, असा. त्यात ज्या जागांची नावं होती त्यांत श्रीवर्धन होतं. इशारा पोचला, तरी माल उतरला. का उतरला, हे पुढे कोर्टात निघालं. प्रत्येक लँडिंगमागे कुणाला किती द्यायचे याच्या बैठका अलिबाग-पनवेलच्या हॉटेलांत आधीच झाल्या होत्या.

टाडा कोर्टात न्यायमूर्ती प्रमोद कोदे यांच्यापुढे खटला चालला. २००६ च्या सप्टेंबरात निकाल सुरू झाला, शंभर जण दोषी ठरले, २००७ च्या जुलैपर्यंत शिक्षा सुनावणं चाललं होतं. २१ मार्च २०१३ ला सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सदाशिवम आणि न्यायमूर्ती चौहान यांनी अपिलांवर निकाल दिला. दोषींमध्ये कस्टमच्या अतिरिक्त कलेक्टरपासून इन्स्पेक्टरपर्यंतची माणसं होती. गोंडघरच्या त्या सबइन्स्पेक्टरला जन्मठेप लागली. हाताखालच्या शिपायांनाही सक्तमजुरी झाली. शिपाई, बाय. तुझ्याच हुद्द्याची माणसं. त्यांनी काही ठरवलं नव्हतं, साहेबांच्या मागे उभी होती.

आपल्याकडे अजून पारावर कुणीतरी म्हणतं, ‘त्यांना काय माहीत? त्यांना वाटलं नेहमीसारखी चांदीच असेल.’ कोर्टाने हे ऐकून घेतलं नाही. पण मी तुला म्हणते, घटकाभर तसंच धरून चाल. ऐंशीच्या दशकात या किनाऱ्यावर सोनं, चांदी, घड्याळं, टेपरेकॉर्डर उतरायचे. कुणी मरत नव्हतं, सरकारची ड्युटी बुडायची तेवढंच. रात्री गाडी गेली की सकाळी पाकीट यायचं. वर्षानुवर्षं असं चालल्यावर गाडीत काय आहे हे बघायची सवयच गेली. आणि ज्या रात्री बघायला हवं होतं त्या रात्री कुणी बघितलं नाही. मला तुला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. न बघण्याचे पैसे घेतले की पुढे गाडीत काय भरायचं हे दुसरा ठरवतो, आणि त्याचा जाब मात्र तुला द्यावा लागतो.

तू म्हणशील, ताई, आता ते दिवस गेले. टायगर मेमन नाही, चांदीच्या विटा नाहीत. बरोबर आहे. आता पाकिटं वेगळी आहेत.

२०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती ते तुला आठवत असेल, तू तेव्हा भरतीसाठी पहाटे वाळूत धावायला जायचीस. पोलीस, कस्टम, कोस्ट गार्ड सगळे किनारे पालथे घालत होते. अशा वेळी मोजदादीत एखादं पाकीट कमी लिहिलं तर कुणाला कळणार, असं वाटणारा माणूस प्रत्येक पथकात असू शकतो. चरस एक किलोच्या वर गेलं की कायद्याने ते व्यापारी प्रमाण, त्याला किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं. जामीनही सहजी मिळत नाही. म्हणून मुद्देमालाच्या पंचनाम्याला उभी राहशील तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी मोज, वजन होताना काट्याकडे बघ, लाखेचं सील लागल्याशिवाय सही करू नकोस. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायचं आहे. जुने लोक याला कटकट म्हणतील. तू ते नीट कर, कारण दोन वर्षांनी माणगावच्या सेशन कोर्टात उलटतपासणीत वकील तुला घोळात घेईल तेव्हा तोच व्हिडिओ तुझ्या मदतीला येईल. मी आरोपींच्या वकिलाकडे काम करते, पोलीस साक्षीदार कुठे अडखळतो हे मला ठाऊक आहे. आठवणीवर बोलतो तिथे अडखळतो.

आणि १८ ऑगस्ट २०२२ विसरू नकोस. दहीहंडीच्या आदल्या दिवशी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ सापडल्या. त्या दिवशी आपल्या बाजारात जी शांतता पसरली, ती १९९३ ची होती. नंतर कळलं की बोट ऑस्ट्रेलियन बाईची, मस्कतकडे समुद्र खवळल्यावर सोडून दिलेली, वाहत वाहत आलेली. घातपात नव्हता. पण ती दिसताच लोकांनी कळवलं, पोलीस आले, बोट उघडली, आतली पेटी उघडली. उघडून बघितलं म्हणून त्याच दिवशी सगळं स्पष्ट व्हायला लागलं.

आता रोजचं बोलते, कारण एके-४७ रोज येत नाहीत. रोज मासळी येते.

तू रुजू झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी ठाण्यात सुरमई आणून देईल. ताजी, सुंदर. ‘मॅडम, घरची आहे.’ आपल्याकडे माणूस दारात आला की रिकाम्या हाताने येत नाही, ही आपली रीत आहे आणि मला ती प्रिय आहे. म्हणूनच ती नाकारणं जड जाईल. मग तू हे बघ की देणाऱ्याचं तुझ्याकडे काही काम आहे का, किंवा पुढे पडणार आहे का. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात कुणाची होडी गुपचूप गेली, कुणी एलईडी लावून मासे मारले, कुणाच्या बोटीतलं सवलतीचं डिझेल भलतीकडे गेलं, हे तुझ्या नजरेला पडणार. ती सुरमई तेव्हा आठवण करून देईल. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, त्यात बाराव्या नियमात भेटवस्तूंचं सगळं लिहिलेलं आहे. नातेवाईक, जुने मित्र यांच्या लग्नकार्यातलं वेगळं आणि ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याचं वेगळं. आपल्या गावात पंचाईत ही की दोन्ही माणसं बहुतेक वेळा एकच असतात. तुझा मामेभाऊ बोट चालवतो. त्याच्या घरी जेवायला जा, काही हरकत नाही. पण त्याच्या बोटीचा विषय आला की साहेबांना स्पष्ट सांग, हा माझा नातेवाईक आहे, ही चौकशी दुसऱ्या कुणाला द्या. आणि स्टेशन डायरीला तशी नोंद कर. तो चार दिवस रुसेल. रुसू दे.

सुरमई नाकारायची कशी, हेही शिकून घे. ‘नियम आहे’ असं तोंडावर फेकू नकोस, म्हातारी माणसं दुखावतात. ‘काका, मी ड्युटीवर काही घेत नाही, सगळ्यांनाच नाही म्हणते, तुम्हालाही म्हणते. चहा मात्र माझ्याकडून घ्या.’ आणि खरोखर चहा पाज. पहिल्या महिन्यात पाच जणांना असं सांगितलंस की जीवना बंदरापासून दिवेआगरपर्यंत बातमी पोचेल, सहाव्याला सांगावं लागणार नाही. आपल्या गावात बातमी किती लवकर फिरते याचा एरवी त्रास होतो, इथे तिचा उपयोग करून घे.

साहेबांच्या तोंडी हुकमाबद्दल बोलायला हवं. हा सगळ्यात नाजूक भाग आहे, कारण पोलिसात हुकूम पाळायचाच असतो आणि तू तो पाळायलाच हवास. पण बेकायदेशीर हुकूम पाळला तर ‘साहेबांनी सांगितलं’ हे उत्तर कोर्टात पुरत नाही. न्याय संहितेचं कलम १४ आहे, जुन्या दंड संहितेत ते ७६ होतं. आपण कायद्याने बांधलेले आहोत असं समजून, घटनेबद्दल गैरसमज होऊन काही केलं तर त्या कलमाचा आधार मिळतो. कायद्याबद्दलच गैरसमज होता म्हणालीस तर मिळत नाही. वर्तणूक नियमांतला तिसरा नियमही वाच. वरिष्ठांच्या सांगण्यावरून काही करायचं असेल तर ते शक्य तिथे लेखी घ्यावं, आणि तेव्हा जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा, असं त्यात आहे. नवीन पोरीने साहेबाला ‘लेखी द्या’ म्हणणं अवघड, मला कळतं. म्हणून दुसरी वाट सांगते. काम करताना तूच नोंद कर. ‘अमुक वाजता, अमुक साहेबांच्या तोंडी आदेशाने, अमुक ठिकाणी’ एवढी ओळ. नियमाला धरून काम असेल तर कुठलाही चांगला अधिकारी या ओळीवर चिडत नाही. जो चिडेल त्याच्याबद्दल तुला त्या दिवशी बरंच काही समजेल.

तू बाई आहेस म्हणून एक वेगळा धोका आहे. तुझ्या सहीला फार मागणी असणार आहे. बाईची झडती बाईनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यामार्फत आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊन. हे नियम १९७२ च्या मथुरा प्रकरणासारखी प्रकरणं आपल्याच महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यात घडली आणि त्यावर बायकांनी देशभर आवाज उठवला, तेव्हापासून हळूहळू घट्ट होत आले. आणि ते पाळल्याचं कागदावर दाखवण्यासाठी कुणीतरी रात्री अकराला तुला फोन करेल, ‘सकाळी येऊन पंचनाम्यावर सही कर, तू हजर होतीस असं दाखवलंय.’ ही सही करू नकोस. बाय, काहीही झालं तरी ही सही करू नकोस. त्या रात्री त्या खोलीत त्या बाईवर काय झालं हे तुला माहीत नाही, आणि तुझ्या सहीने तू सांगतेस की मी होते, सगळं ठीक होतं. उद्या ती बाई न्याय मागायला उभी राहिली तर तिच्या वाटेत तुझी सही असेल. ‘साहेब, मला आता बोलवा, मी आत्ता येते’ असं म्हण आणि खरंच जा. काकांना गाडी काढायला सांग, कुणी नसेल तर मला उठव.

तुझ्याशीच कुणी गैर वागलं तर तेही सांगून ठेवते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पोलीस ठाण्यालाही लागू आहे, जिल्ह्यात तक्रार समिती असते, घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची. सहन करून, मग बघू म्हणून दिवस घालवू नकोस.

पैशांचं बोलू. काकांवर तुझ्या भरतीच्या क्लासचं कर्ज आहे, निसर्ग वादळात पडलेली सुपारीची वाडी अजून उभी राहिलेली नाही, हे मला माहीत आहे. ३ जून २०२० ला एका दुपारी पंचवीस-तीस वर्षांच्या पोफळी आडव्या झाल्या. नवीन लावलेल्या पोफळीला फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. घरातल्या सगळ्यांचे डोळे तुझ्या पगाराकडे आहेत आणि त्यात त्यांची चूक नाही. पण तुझ्या पहिल्या पगाराच्या आधीच एक गोष्ट घरात बसून बोल. पगार एवढा आहे, कर्जाला एवढा जाईल, लग्नाला एवढा उरेल, याहून जास्त येणार नाही. आमच्याकडच्या फायलींमध्ये मी वारंवार हे पाहिलं की माणूस स्वतःच्या चैनीसाठी क्वचित लाच घेतो. बहिणीच्या लग्नासाठी घेतो, घराच्या स्लॅबसाठी घेतो. घरच्यांनी कधी ‘एवढे पैसे आले कुठून’ असं विचारलेलं नसतं.

वादळाच्या पंचनाम्याची एक आठवण सांगते. आमच्याकडे नुकसान मोजायला एक सरकारी कर्मचारी आला होता. भाऊ म्हणाला, थोडी झाडं वाढवून लिहा, सगळेच लिहितात. तो म्हणाला, वाढवून लिहीत नाही, पण एकही सोडत नाही, चला दाखवा. भर उन्हात सगळी वाडी फिरला. मग शेजारच्या आजींकडे गेला. त्यांच्या सातबाऱ्यावर मुंबईच्या दिरा-पुतण्यांची इतकी नावं होती की भरपाई अडकणार हे दिसत होतं. त्याने ओट्यावर बसून संमतीपत्र कुणाकुणाचं लागेल याची यादी स्वतः लिहून दिली. आजींना पैसे मिळाले. त्यांनी त्याला नारळाची जोडी देऊ केली तर ‘माझ्या घरी या घेऊन, मी बदलून गेलो की’ म्हणाला. त्याचं नाव आजी अजून देवापुढे घेतात. नियम पाळणारा माणूस कोरडा असतो, असं तुला कुणी सांगेल तेव्हा हा माणूस आठव.

भीतीबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. प्रामाणिक माणसाला काही होत नाही, असं मी म्हणणार नाही. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीला इंधनातली भेसळ पकडायला थांबले आणि त्यांना भरदिवसा जाळून मारलं. एवढा मोठा अधिकारी. म्हणून तुला एकटीने शौर्य गाजवायला मी सांगत नाही. रात्री संशयाची गाडी दिसली तर आधी वायरलेसवर कळव, नंबर सांग, जागा सांग, मग पुढे हो. तुझा आवाज कंट्रोल रूमच्या नोंदीत गेला की तुझ्यावर हात टाकणं आणि तुला विकत घेणं, दोन्ही अवघड होतं. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अंमलात आणलेला नाही, ही आपल्या सगळ्यांच्या दृष्टीने लाजेची गोष्ट आहे. तोवर आपलं संरक्षण आपल्या नोंदींत आहे.

बदलीची धमकी मात्र तुला येईलच. तिला फार घाबरू नकोस. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम २२-न मध्ये शिपायाचा एका जागेचा काळ साधारण पाच वर्षं धरला आहे. त्याआधी हलवायचं तर कारण लागतं. कारण नसताना हलवलं तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, मॅटमध्ये, दाद मागता येते आणि अशा कितीतरी बदल्या मॅटने रद्द केल्या आहेत. आणि बदली झालीच तर झाली, पोलादपूरलाही माणसंच राहतात. एकच कर, हवी ती जागा मिळवण्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस, काकांनाही देऊ देऊ नकोस. २०१८ पासून लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आत कळवलं पाहिजे, तरच सुटका. आणि जो पैसे भरून जागेवर बसतो तो वसुलीचा हिशेब घेऊनच बसतो.

अँटीकरप्शनचा सापळा कसा असतो तेही समजून घे. १०६४ ला फोन जातो. मग पडताळणी होते, दुसऱ्या खात्यातले दोन सरकारी पंच आणि खिशात रेकॉर्डर. मागणी त्यात आली की नोटांना अँथ्रासीन पावडर लावतात. पैसे हातात पडले की अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बोटं निळसर चमकतात. किमान तीन वर्षं, कमाल सात. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यानंतरची वाट. निलंबन, अर्धा पगार, तारखा, आठ-दहा वर्षं. आणि एक बारकी गोष्ट. साहेबांसाठी म्हणून पाकीट घेऊन ठेवणारा हवालदार किंवा शिपाई हाच बहुतेक वेळा सापडतो, कारण बोटं त्याची असतात. ‘हे साहेबांच्या टेबलावर ठेव’ असं कुणी म्हणालं तर म्हणायचं, साहेब आत आहेत, तुम्हीच द्या.

शेवटी एक, जे मी फार वर्षं मनात ठेवलं आहे. १९९३ साली मी शाळेत होते. पुढे शिकायला मुंबईत गेले तर गाव सांगितलं की समोरची माणसं विचारायची, ‘ते आरडीएक्सवालं?’ पेशव्यांचं मूळ गाव, रोठा सुपारी, हरिहरेश्वर, काही काही त्यांना माहीत नसायचं. मला रडू यायचं. आणि माझ्या वर्गातल्या मुसलमान मैत्रिणींना त्याहून वाईट ऐकावं लागायचं. त्यांचे वडील कुवेतला, बहरीनला घाम गाळत होते आणि इथे त्यांच्या घरांवर संशय होता. दोषींची यादी वाच. गाड्या पाठवणाऱ्यांत एका धर्माची नावं जास्त दिसतील, गाड्या सोडणाऱ्यांत वेगवेगळ्या धर्मांची दिसतील. म्हणून कुठल्या वस्तीत चौकशीला गेलीस तर नावावरून माणूस ओळखू नकोस. दारात चप्पल काढ, बाईशी बाईसारखं बोल, आणि प्रश्न मात्र जे विचारायचे ते सगळे विचार.

रविवारी जेवायला ये. वर्तणूक नियम, शिस्त आणि अपिलाचे नियम, आणि ते २२-न कलम, तिन्हींच्या मराठी प्रती मी झेरॉक्स करून ठेवते. एका बैठकीत वाचून होणार नाहीत. जिथे कळणार नाही तिथे पेन्सिलीने खूण कर, मी सोमवारी वकीलसाहेबांना विचारून घेईन. आणि येताना तुझा ठाण्यातला नंबर कागदावर लिहून आण, काकीला मोबाईलमध्ये भरता येत नाही, तिला तो भिंतीवर लावून ठेवायचा आहे.